मांडीवरचं पांघरूण

प्रिय दवंडी,

सगळ्यात आधी कोण उगवलं असेल, सांग बघू! पाहुणे यायचे अकराला, आणि सव्वानऊला दारात कोण, तर समोरच्या न्हाव्याची बायको. तीही स्वतःची खुर्ची काखेत मारून. म्हणाली, ‘तुमच्याकडे आज मोठी माणसं येणार, खुर्च्या कमी पडायला नकोत.’ असं म्हणून खुर्ची मागच्या अंगणात मधोमध मांडली आणि स्वतःच तिच्यावर बसली. मी म्हटलं, ‘अगं, पाहुण्यांसाठी आणलीस ना?’ तर म्हणते कशी, ‘ते येईपर्यंत बघते, डुगडुगते का.’ पावणेदोन तास बघत होती. तीनदा चहा प्यायली. तिकडे तिच्या नवऱ्याने एका गिऱ्हाइकाची दाढी अर्धी ठेवली आणि फेसाचा ब्रश हातात घेऊन रस्त्यात उभा राहिला, गाडी दिसली की ओरडायला. तो अर्ध्या दाढीचा माणूसही बिचारा गळ्यातला टॉवेल सावरत त्याच्या शेजारी येऊन उभा. आपल्या गल्लीला काय, कुणाच्या नळाला पाणी जास्त आलं तरी पुरतं.

बरोबर अकराला ते दोघं आले. एक उंच बाई, केस पोरासारखे कापलेले, पायात जाडजूड बूट, पन्नाशीच्या असतील. त्यांच्यामागे एक बुटका, गळ्यात कॅमेरा, काखेत वही. संग्रहालयातली माणसं म्हणजे मला वाटलं तीही जुनीपुराणी असतील, पण चांगली हसतमुख निघाली. बाईंनी आल्या आल्या माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, ‘तुम्हीच ना त्या? किती दिवसांपासून भेटायचं होतं!’ मी अशी फुलले म्हणून सांगू! तोंड उघडणार, तेवढ्यात न्हाव्याची बायको अंगणातून धावत येऊन ओरडली, ‘त्या नव्हेत, त्या नव्हेत! त्या मागे आहेत, अंगणात!’ बाईंनी माझे हात सोडले. हळूच सोडले, वाईट दिसू नये असे. पण सोडलेच.

आता तू म्हणशील, आजी, काल रविवारी फोनवर बोललीस तेव्हा यातलं काहीच सांगितलं नाहीस. अगं, आमच्याकडे फोन एकट्याचा असतो का? मला फोनवर कमी ऐकू येतं म्हणून तो मोठ्याने लावायचा, आणि शेजारी विहीणबाई बसलेल्या. मग काय बोलणार? ‘छान झालं, चहा घेतला, गेले.’ म्हणून आज वहीची पानं फाडून बसले. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघू नकोस. तुझे आजोबा म्हणायचे, हिची अक्षरं बाजारातून परत आल्यासारखी दिसतात, एक पुढे, एक मागे आणि एकाच्या हातात जड पिशवी.

आणि या सगळ्याचं मूळ तूच आहेस. विहीणबाईंच्या दगडांचे ते फोटो तूच धाडलेस ना त्या लोकांना? बाईंनी ते कागदावर छापून आणले होते. अकरा फोटो. मी चष्मा पुसून एकेक पाहिला. दगड अकराच्या अकरा फोटोंत. विहीणबाई नऊ फोटोंत. मी एका फोटोत, तीही कोपरापर्यंत. चहाचा ट्रे धरलेला नुसता हात! मी तो फोटो बाईंना दाखवून म्हटलं, ‘हा माझा.’ त्या म्हणाल्या, ‘कुठला, हा दगड?’ म्हटलं, नाही, हा हात. त्या हसल्या. तो बुटकाही हसला. मीही हसले. काय करणार, हसण्यावारी नेलं.

तुला आठवतं ना, विहीणबाई आल्या तेव्हा काय ठरलं होतं? पंधरा दिवस. तुझ्या आईचे बाबा गेले, घर भाड्याचं, त्यात त्यांच्या डोळ्यांनी दगा दिलेला. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि शेवटी सुईत दोरा जाईना. तुझी आई म्हणाली, थोडे दिवस तुमच्याकडे राहू दे, मी सोय करते. मी म्हटलं, राहू दे की, मी तरी एवढ्या घरात भिंतींशीच बोलते. त्या दोन पिशव्या आणि शिवणयंत्र घेऊन आल्या. ते पंधरा दिवस अजून चालू आहेत, या थंडीत चार वर्षं होतील. आम्ही दोघी एकमेकींना विहीणबाईच म्हणतो. त्यामुळे दारावर कुणी ‘विहीणबाई आहेत का?’ विचारलं की पहिल्यांदा दोघी ‘ओ’ द्यायचो. आता मी एकटी ओ देते आणि मग कळतं की त्या हव्या आहेत.

बोलायला म्हणशील, तर त्या महिन्याभरात जेवढं बोलतात तेवढं मी दात घासताना बोलते. आल्या तेव्हा नुसत्या बसून असायच्या. शिवणयंत्रावर कापड झाकलेलं आणि त्यावर हात ठेवून ह्या बसलेल्या. मला बघवेना. मीच म्हटलं, चला, ओढ्यापर्यंत पाय मोकळे करून येऊ. मीच म्हटलं हं, हे लक्षात ठेव! त्या बाईंनी वहीत लिहून घेतलं की ‘ओढ्याकाठी दगड सापडला’. जसा काही तो एकटाच चालत आला. ओढ्याकाठी नव्या रस्त्यासाठी दरड फोडलेली, दगडच दगड. त्यातल्या एका दगडापाशी ह्या थांबल्या, गुडघ्याएवढा असेल, आणि त्यावरून हात फिरवायला लागल्या. डोळ्यांनी दिसत नव्हतं ना धड, म्हणून हातांनी. मी ऊन डोक्यावर घेऊन उभी. अर्ध्या तासाने म्हणाल्या, ‘विहीणबाई, हिला मान आहे.’ मी म्हटलं, ‘कुणाला?’ म्हणाल्या, ‘हिला.’ मला वाटलं, गेल्या कामातून.

पण तो दगड घरी आला. न्हाव्याने आणि त्याच्या मेव्हण्याने हातगाडीवर आणला आणि आठ दिवस कंबर धरून फिरले. तुझ्या आजोबांची नळदुरुस्तीची पेटी माळ्यावर पडून होती, त्यातली हातोडी मीच काढून दिली. मुठीला त्यांनीच गुंडाळलेली चिकटपट्टी अजून आहे. छिन्नी गवंड्याकडून आणली. शिकवायला कोणी नाही, पुस्तक नाही, काही नाही. ह्यांनी गळ्यात शिवणाची टेप अडकवली, शिंप्याचा खडू घेतला आणि दगडाची मापं घ्यायला लागल्या! छाती, खांदा, उंची. आठ-आठ दिवस नुसतं माप आणि हात फिरवणं. मग एक दिवस ठक. एवढंच. मी विचारलं, ‘एवढ्या तयारीनंतर एकच टोला?’ तर म्हणाल्या, ‘कापड चुकलं तर ठिगळ लावता येतं. दगडाला ठिगळ नाही. जे आपणहून आहे ते ठेवायचं, नडतं तेवढंच काढायचं.’ न्हाव्याची बायको म्हणाली, ‘आमचे हे पण गिऱ्हाइकाला हेच सांगतात.’

तुला सांगते, पहिलं वर्षभर मला कौतुकच होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मीच हात धरून मागे न्यायचे. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं, की लोक माझ्याकडे येत नाहीत, माझ्यातून जातात. पोस्टमन पत्र माझ्या हातात देतो आणि मान लांब करून मागे बघतो. डॉक्टर माझा रक्तदाब बघता बघता विचारतात, ‘आजी, तो पक्षी झाला का पुरा?’ माझा वर गेलेला रक्तदाब राहिला बाजूला! आणि तू? लहानपणी ती ‘शिवणआजी’ होती. आता ‘दगडआजी’ झाली. मी पहिल्यापासून नुसती आजी. पुढे काही नाही, मागे काही नाही. फोनवर तू पाच मिनिटं मला विचारतेस, जेवलीस का, औषध घेतलंस का, आणि मग म्हणतेस, ‘आता दगडआजीला दे.’ मग चाळीस मिनिटं. मी मोजते. माझ्याशी बोलताना तुझ्या आवाजात काळजी असते, त्यांच्याशी बोलताना उत्सुकता. काळजी काय, ती आजारी माणसाची पण करतात.

आता हसू नकोस. गेल्या थंडीत माझा अंगठा दारात चेमटला म्हणून सांगितलं होतं ना? दार वगैरे काही नाही. विहीणबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी त्यांची छिन्नी घेतली, एक लहानसा दगड मांडीत घेतला आणि म्हटलं, बघू तरी यात असं काय सोनं लागलंय. मीही हात फिरवला. मला कसली मान दिसेना की पाठ. दगड तो दगड. मग म्हटलं, टोला मारल्यावर दिसेल. तो बसला अंगठ्यावर. त्या घरी आल्यावर म्हटलं, दारात चेमटला. त्यांनी अंगठा धुतला, नखाजवळची दगडाची भुकटी काडीने काढली, पट्टी बांधली आणि म्हणाल्या, ‘ह्या दाराला जपून असा.’ बस्स. त्यावर एक अक्षर नाही. त्यांनी खो खो हसायला पाहिजे होतं. हसल्या असत्या, तर मी भांडले तरी असते.

आता त्या पहिल्या दगडाबद्दल सांगते, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. तो नळाच्या कोपऱ्यात असतो, सावलीत. तू पाहिलायस. बाई बसल्यासारखी आकृती, मान जराशी खाली, पुढे मांडी, आणि मांडीत एक खोलगट जागा. सगळी मिळून वीसेक टोल्यांचं काम असेल, बाकी दगड जसा होता तसा. तो झाल्यावर विहीणबाई त्याला रोज सकाळी कपभर पाणी घालायच्या. झाडाला घालतात तसं. मला आधी कळेचना. मग पहिल्या थंडीनंतर त्या खोलगट जागेत हिरवट झालं. दुसऱ्या वर्षी मऊ शेवाळ धरलं. तिसऱ्या वर्षी ते असं दाट, गुबगुबीत झालं आणि मांडीवरून एका बाजूने खाली ओघळलं, की कुणीही म्हणावं, मांडीवर तान्हं मूल झोपलंय आणि त्यावर पांघरूण घातलंय. मूल त्यांनी कोरलंच नव्हतं. ते आपणहून आलं. तुझ्या फोटोंत तो दगड तीनदा आहे. बाईंनी पत्रात लिहिलं होतं, की त्या खास त्यासाठीच येताहेत.

मग पाहुणे येणार म्हटल्यावर मी घर साफ केलं. साहजिकच आहे. पडदे धुतले, भांडी घासली, फरशी घासली, अंगण घासलं. माझ्या घरी येणाऱ्या माणसाला माझ्या घरात घाण दिसलेली मला चालत नाही, हे तुला माहीत आहे. तेवढं लक्षात ठेव आणि पुढचं वाच.

तर बाई आणि तो बुटका अंगणात आले. पक्षी पाहिला, दोन माना एकमेकींना टेकलेल्या तो लांबट दगड पाहिला, हात लावून लावून पाहिले, आणि विहीणबाई आपल्या एका बाजूला उभ्या, शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाईक आरशात बघताना शिंपी उभा राहतो तशा. मग बाई म्हणाल्या, ‘आणि ती? आई आणि मूल?’ आणि स्वतःच नळाकडे वळल्या. आणि थांबल्या. त्यांनी हातातल्या फोटोकडे पाहिलं. परत दगडाकडे पाहिलं. बुटका म्हणाला, ‘हाच का तो?’ दगड पांढराफटक पडला होता. घासून काढलेल्या पातेल्यासारखा. मांडी रिकामी. न्हाव्याची बायको म्हणाली, ‘काय स्वच्छ दिसतोय गं बाई! मी रोज म्हणायचे, ह्याला काही तरी लावा.’

विहीणबाईंना लांबून दिसत नाही. त्या चालत गेल्या, खाली बसल्या आणि हात सरळ त्या मांडीत घातला. तिथे तो तसाच ठेवला. बराच वेळ. मी ट्रे धरून उभी. मला वाटलं, आता त्या मान वर करतील आणि माझ्याकडे बघतील. त्यांनी मान वर केली, पण बाईंकडे बघून म्हणाल्या, ‘धुतलं गेलंय.’ कोणी धुतलं, का धुतलं, काही नाही. पाऊस पडला म्हणावं तसं. बाईंनी विचारलं, ‘परत येईल?’ म्हणाल्या, ‘तीन थंड्या लागल्या होत्या. आता माझ्याकडे किती आहेत, कोण जाणे.’

मग बाई त्यांच्याजवळ जमिनीवरच बसल्या आणि विचारलं, ‘ही कोण आहे?’ आणि दवंडे, आमच्या मुक्या विहीणबाई बोलल्या. चार वर्षांत मी त्यांना एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, ‘मांडी आमच्या विहीणबाईंची. एवढी ऐसपैस मांडी दुसऱ्या कुणाची असणार?’ न्हाव्याची बायको फिसकन हसली. त्या पुढे म्हणाल्या, ‘नात सहा महिन्यांची होती. मी झबलं शिवून घेऊन भेटायला आले होते. दोन बस बदलून. पोर ह्यांच्या मांडीवर झोपलेली. म्हटलं, द्या जरा माझ्याकडे. ह्या म्हणाल्या, आत्ताच डोळा लागलाय, उठेल. मी समोर बसून राहिले. दोन तास. ती उठली नाही आणि माझ्या बसची वेळ झाली. झबलं ठेवून गेले. त्यानंतर किती कपडे शिवले असतील, पण ती मांडी काही डोक्यातून गेली नाही. मला वाटायचं, मी नुसतं अंगावर घालते, ह्या अंगावर घेतात. फार जळायचे मी ह्यांच्यावर.’ हे म्हणाल्या आणि उठून हात धुवायला गेल्या. बाईंचे डोळे भरले. बुटक्याने लिहायचं थांबवलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच परत चहा टाकला.

माझ्या मनात काय आलं असेल? मला तो दिवस पक्का आठवतो. झबलं पिवळं होतं, गळ्याला पांढरी पट्टी. आणि तू त्या दोन तासांत झोपलेली नव्हतीस. म्हणजे होतीस, पण मधे एकदा चांगली टक्क जागी झालीस, डोळे उघडलेस, आणि मी तुझ्या अंगावरून पांघरूण वर ओढलं आणि थोपटून परत झोपवलं. मीच झोपवलं. त्या समोर बसल्या होत्या, त्यांना तेव्हा दिसत होतं. म्हणजे त्यांनी ते पाहिलं असणार. आणि बघ, बाईंसमोर त्यांनी तेवढा भाग गाळला.

बाई म्हणाल्या, तो दगड आहे तसा नेऊन मांडण्यात अर्थ नाही, पण बाकीचे पाच नेऊ. आणि मग खरं ते बोलल्या. त्यांच्याकडे एक मोठं अंगण आहे, खाणीतून दगड येतात, राहायला उजेडाची खोली आहे, जेवणखाण सगळं. ‘सहा महिने या. जमलं तर वर्षभर. तिथे तुमच्या कामाला कोणी हात लावणार नाही.’ हे शेवटचं वाक्य बोलताना त्या कुणाकडे बघत नव्हत्या, पण माझ्या हातातला टॉवेल गळून पडला. विहीणबाई म्हणाल्या, विचार करून सांगते.

ते शुक्रवारी झालं. शनिवारी ठकठक नाही. रविवारी नाही. आजही नाही. पहिल्या दगडावर त्यांचा हात बसला तशी ठकठक रोजची झाली, तेव्हापासून मी तिच्या नावाने बोटं मोडली, डोकं दुखतं म्हणून कानात कापूस घातला. आता स्वयंपाकघरात बसून कान टवकारते तर नुसता नळ ठिबकतो. काल त्यांनी माळ्यावरून पिशवी काढली आणि झटकून उन्हात ठेवली. आणि मला काय वाटलं माहितेय? मला त्या उंच बाईचा असा राग आला! कोण कुठली, तासभर आली, एक कप चहा प्यायली आणि माझ्या विहीणबाई घेऊन चालली. चार वर्षं त्यांच्या कपड्यांतली भुकटी झटकली कोणी? डोळ्यांत थेंब घातले कोणी? ओढ्यावर कोणी नेलं? माणूस असा सहज घर सोडून जात नाही, पण त्याचं कामच कुणी घासून टाकलं तर कशाला राहणार!

हां, आता आलं तोंडातून. तर लिहितेच. मीच घासलं. शुक्रवारी सकाळी त्या आंघोळीला गेल्या तेव्हा. स्वच्छतेसाठी नाही. म्हणजे मी स्वतःला तेच सांगत होते, घाण दिसेल, घाण दिसेल, पण घाण मला कळते, आणि ती घाण नव्हती. मी आधी बोटाने कड उचलली. तर शेवाळाचा तळहाताएवढा तुकडा अलगद निघून हातात आला, मऊ, गार, झोपेतून उचललेल्या पोरासारखा. तिथे थांबता आलं असतं. परत ठेवता आला असता. मी तो नळाच्या कट्ट्यावर ठेवला, धुण्याचा सोडा आणला आणि तारेच्या ब्रशने सगळं काढलं. मांडीवरचं काढलं, बाजूला ओघळलेलं काढलं, मानेच्या मागे जिथे कुणी बघतही नाही तिथलं पण काढलं. आणि घासताना मला बरं वाटत होतं. हे सगळ्यात वाईट. फार बरं वाटत होतं.

सोड्याने माझे हात फुटलेत. भांडी घासताना चरचरतात, पण बोलायची सोय नाही. आणि आज सकाळी बघते तर स्वयंपाकघराच्या फळीवर, माझ्या चहाच्या कपाशेजारी, मलमाची डबी. झाकण सैल करून ठेवलेली, मला लवकर उघडत नाही म्हणून. म्हणजे त्यांना कळलंय. त्या अंगठ्यासारखंच. पण दवंडे, कळलेलं वेगळं आणि सांगितलेलं वेगळं. त्या वाट बघताहेत आणि मला तोंड उघडता येत नाही. मला! जिचं तोंड म्हणजे आजोबांच्या भाषेत वॉशर गेलेला नळ! तीन वेळा त्यांच्यासमोर जाऊन बसले. एकदा हवेबद्दल बोलले, एकदा न्हाव्याच्या मेव्हण्याच्या गुडघ्याबद्दल, आणि एकदा तर काहीच नाही, नुसती उठून आले.

म्हणून हे पत्र. तू पाच वर्षांची असताना आजोबांच्या कवळीची बातमी अर्ध्या तासात सगळ्या गल्लीला दिलीस, म्हणून त्यांनी तुझं नाव दवंडी ठेवलं. आजवर तुझ्या पोटात एक गोष्ट राहिलेली नाही. तुला काही सांगितलं की मी शंभरदा बजावायचे, कुणाला बोलू नकोस, आणि तू शंभरदा बोललीस. या खेपेला मी बजावत नाही. न्हाव्याचा मेव्हणा उद्या बस घेऊन तुमच्या गावाला येतो, तो पत्र हातात देईल. तू बुधवारी संध्याकाळी सहाला फोन कर, आणि या वेळी सुरुवातीलाच म्हण, दगडआजीला दे. मी घरात नसेन. न्हाव्याच्या बायकोची खुर्ची अजून अंगणातच आहे, ती परत द्यायला जाईन, आणि तिथे गेले की तास मोडतो. तोवर त्यांना सगळं वाचून दाखव. घासल्याचं, अंगठ्याचं, बरं वाटल्याचं पण. आणि ते मधे जागी झाली होतीस ते विसरू नकोस, ते आधी वाच. आणि सांग, की तो पहिला तुकडा मी टाकला नाही. पाहुणे गेल्यावर कट्ट्यावरून उचलला तेव्हा कडा करपल्या होत्या. पिठाच्या डब्यामागे, सावलीत, बशीत ठेवलाय. चमच्याने पाणी घालते, दिवसातून चार वेळा. मधे अजून हिरवा आहे. तो त्या मांडीवर कसा लावायचा हे मला येत नाही, त्यांना येतं. आणि जायचंच असेल तर जाऊ देत, मी पिशवी स्वतः भरून देईन, फक्त मला सांगून, माझ्यावर ओरडून जाऊ देत. ती लोकं दगड न्यायला गुरुवारी येणार आहेत, सकाळी अकराला, मोठी गाडी घेऊन.

तुझीच,
नुसती आजी